वाटी, साठी, गाठी : बडबडगीते आणि वाचनशिक्षणाची पार्श्वभूमी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. सजवलेले लाकडी नंदी घेऊन मुले घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मागत हिंडतात आणि मोठ्यांच्या पोळ्यात ऐकलेल्या झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, अर्थ कळो न कळो, ठसक्यात म्हणतात : ‘वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी, महादेव रडे दोन पैशांसाठी, पारबतीच्या लुगड्याला छप्पन्न गाठी.’ अक्षरओळख न झालेल्या पाच वर्षांच्या मुलालाही ‘वाटी, साठी, गाठी’ यांचा मेळ कानाने कळतो. मात्र पहिल्या शब्दात ‘ट’ आहे आणि पुढच्या दोहोंत ‘ठ’, हे त्याला पाटीवर निराळे शिकावे लागते. यमकातून कानाला येणारी जाण आणि वाचनाला लागणारी जाण यांच्यात एवढे अंतर आहे, आणि बडबडगीतांचा वाचनाला उपयोग किती, हा वाद मुळात या अंतराचाच आहे.

ही गाणी वाचनासाठी जन्मलेली नाहीत. ‘अडगुलं मडगुलं’ न्हाऊमाखू घालतानाचे, ‘आपडी थापडी’ मांडीवरच्या खेळाचे, तर विदर्भातली भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतच्या संध्याकाळची. जिभेला वळण लावणारी वाक्ये मुख्यतः उच्चार स्वच्छ व्हावेत म्हणून घोकून घेतली जात. जुन्या शाळेत वाचन शिकवले जाई ते मुळाक्षरे आणि बाराखडीतून; पाढे सुरात म्हटले जात, पण गाणे अंगणातच राहिले.

ते वर्गात आले बालशिक्षणाच्या चळवळीमुळे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. नागपूरहून जवळच असलेल्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये मांडली गेलेली नयी तालीम, म्हणजे गांधीजींची कामातून शिकवण्याची पद्धत, आधी ७ ते १४ वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४५ मध्ये तिचा विस्तार होऊन त्याहून लहान मुलांच्या पूर्व-बुनियादी वर्गांचा विचार पुढे आला. गाण्याकडे या मंडळींनी पाहिले ते आनंद, लय आणि बोलण्याचा सराव म्हणून, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या अंगणवाड्यांतही त्याचे स्थान बहुधा तेच राहिले.

वाचनाशी त्याचा संबंध प्रयोगाने जोडला गेला तो इंग्लंडमध्ये. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतला वेगळ्या ध्वनीचा शब्द ओळखायला सांगितले होते. ज्यांचा कान तयार होता, ती मुले पुढे वाचनात सरस ठरली. त्यांतल्या ६५ मुलांना गटांत विभागून दोन वर्षांत ४० वेळा शिकवले गेले, तेव्हा सर्वाधिक प्रगती ध्वनींच्या खेळाबरोबर प्लॅस्टिकची अक्षरे हाताळणाऱ्या गटाने केली. हा दुसरा भाग सांगताना हमखास गाळला जातो. पुढे १९९७ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने यमकापेक्षा शब्दातले ध्वनी सुटे करण्याच्या क्षमतेला अधिक महत्त्व दिले आणि वाद रंगला.

परंतु ही सारी चर्चा इंग्रजीची होती. आपल्या लिपीचे एकक अक्षर आहे. व्यंजनाला स्वर जोडूनच ते लिहिले जाते, आणि बाराखडीचा तक्ता ४०० च्या पुढे जातो. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांविषयी दाखवले की अक्षरांवर पकड यायला तिसरी-चौथी उजाडते आणि सुट्या ध्वनींची जाण सावकाश येते. मराठीचे चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच यमकाहून भेंड्यांचा खेळ मला या कामी अधिक सरळ वाटतो, कारण गाण्याचे शेवटचे अक्षर सुटे काढल्याशिवाय तो पुढे सरकतच नाही.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, या उद्देशाने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून बडबडगीतांना पुन्हा महत्त्व आले आहे. विदर्भात मात्र एक पेच आहे. ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ या वाक्यात जीभ अडखळते ती ‘र’ आणि ‘ळ’ यांच्या लागोपाठ येण्याने. (राळे हे धान्य आता किती मुलांनी पाहिले असेल, हा प्रश्न वेगळाच.) नागपूर-वऱ्हाडाच्या ग्रामीण बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, केळीला ‘केयी’, डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. त्या घरातले मूल ‘काये राये, गोरे राये, रायात राये मिसयले’ असे एका दमात म्हणून मोकळे होते. त्याच्या बोलीत चूक काहीच नाही. फक्त ज्या अडथळ्यासाठी ते वाक्य रचले गेले, तो त्याच्या तोंडी उरतच नाही. अशा वर्गात ‘ळ’ चे अक्षरकार्ड आधी समोर ठेवावे लागते आणि ‘केयी’ म्हणणाऱ्या मुलाला, तुझ्या केयीतला हा ‘य’ पुस्तकात असा लिहितात, असे सांगावे लागते. राळ्यांची पाळी त्यानंतर येते.