स्टार्टर बंद, तरी मोटरीत वीज

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. नदीकाठच्या शेतकऱ्याची धावपळ मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या वरच्या नद्यांचं पाणी चढायला लागलं की काठावरच्या आणि जॅकवेलवरच्या (पाणी उपसायच्या काठच्या विहिरीवरच्या) मोटरी वर घ्यायच्या. चेनपुली लावायची, बोल्ट सोडायचे, आणि त्याआधी वायरी. काम चिखलात, पावसात, कित्येकदा अंधार पडता पडता चाललेलं असतं आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "स्टार्टर बंद केलाय, लाईट पण गेलीय, सोड की वायरी."

त्याची दोन्ही विधानं खरी असतील. तरीही मोटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडायच्या टोकांवर, वीज असू शकते. ती तिथं कशी राहते हे नीट समजलं तर वायर सोडण्याची पद्धत पाठ करावी लागत नाही, म्हणून हा लेख.

सोपी गोष्ट आधी. "लाईट गेलीय" याचा अर्थ एवढाच की ती कधीही येईल. शेतीच्या फीडरला ठरलेल्या वेळीच थ्री फेज मिळते, म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. हे ऑटो स्विच काढा असं महावितरण वारंवार सांगते, ते सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) येणाऱ्या भारामुळे. पण ज्याचा हात टर्मिनल बॉक्समध्ये आहे त्याच्यासाठी हा स्विच त्याहून वाईट आहे. फोनवरून चालू-बंद होणाऱ्या मोबाईल स्टार्टरचं तेच. घरी बसलेल्या भावाला वाटतं, पाणी चढायच्या आत तासभर मोटर चालवून घेऊ, आणि तो फोन लावतो. स्टार्टर बंद करणं म्हणजे फक्त त्याचे संपर्क उघडणं. स्टार्टरपर्यंत येणाऱ्या तिन्ही फेज जिवंतच असतात. म्हणून मेन स्विच पाडायचा, तिन्ही ग्रिप (फ्यूज) काढायच्या आणि त्या पेटीवर न ठेवता जो वायरी सोडणार त्याच्याच खिशात ठेवायच्या. स्विचला कुलूप लावता येत असेल तर लावायचं, किल्लीही त्याच्याकडेच.

एवढं केलं की बाहेरून वीज येत नाही. पण वीज आत उरलेली असली तर?

शेतीपंपाला कपॅसिटर असतो, ज्याला गावाकडं कंडेन्सर म्हणतात. तो पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती कामी लागते त्याचं माप) सुधारण्यासाठी बसवलेला असतो, किंवा दोनच फेज असताना मोटर ओढण्यासाठी. (हाच कपॅसिटर एका छोट्या डबीत घालून, भिंतीत खोचला की घरचं वीजबिल घटतं असं सांगून विकला जातो. घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतो आणि ते कपॅसिटरनं कमी होत नाहीत. त्या डबीवर पैसे घालवू नका.) कपॅसिटर विद्युतभार साठवतो हे दहावीपर्यंत कानावर आलेलं असतं. किती साठवतो ते पाहू. दोन फेजमधले ४१५ व्होल्ट हा परिणामी (आरएमएस) आकडा, म्हणजे एक प्रकारची सरासरी. प्रत्यक्षात व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा, कधी या बाजूनं तर कधी त्या बाजूनं, ५८७ व्होल्टच्या शिखराला जातं. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्या शिखरावर तुटला तर त्यात साधारण साडेआठ ज्यूल ऊर्जा राहते.

आणि तो शिखरावरच तुटण्याची शक्यता जास्त असते. इथं निसर्गानं जे केलंय ते मला फार सुंदर वाटतं. स्विच उघडतो तेव्हा संपर्कांमध्ये ठिणगी तयार होते आणि प्रवाह त्या ठिणगीतून चालूच राहतो. ती विझते प्रवाह शून्यावर येतो त्या क्षणी. कपॅसिटरमध्ये प्रवाह आणि व्होल्टेज यांच्यात पाव चक्राचं अंतर असतं: व्होल्टेज वेगानं बदलत असतं तेव्हा प्रवाह सर्वांत जास्त, आणि व्होल्टेज शिखरावर क्षणभर थांबतं तेव्हा प्रवाह शून्य. म्हणजे एकट्या कपॅसिटरचं सर्किट तुटताना ठिणगी ज्या क्षणी विझते, नेमका त्याच क्षणी तो पूर्ण भरलेला असतो.

पुढं हा भार कुठं जातो? चांगल्या कपॅसिटरला आतून एक रोध जोडलेला असतो. तो १० लाख ओहमचा धरला तर ५८७ व्होल्ट उतरून ५० व्होल्ट व्हायला दोन मिनिटं लागतात. रोध जळालेला असेल किंवा मुळात नसेलच, तर भार कितीतरी वेळ तसाच राहतो. पण कपॅसिटर मोटरीच्या टर्मिनलवरच जोडलेला असेल तर आणखी एक वाट असते. मोटरीतलं वाइंडिंग म्हणजे शेवटी गुंडाळलेली तांब्याची तारच, त्यातून भार क्षणात निचरतो. म्हणून धडधाकट मोटरीच्या वायरी सोडताना बऱ्याच वेळा काही होत नाही, आणि त्यातून माणसाची सवय बनते.

आता विचार करा, पूर नसताना मोटर काढतो कधी? जळाल्यावर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिवाइंडिंगला (तार नव्यानं भरायला) न्यायची मोटर ही कित्येकदा वाइंडिंग तुटलेली मोटर असते. ज्या तारेतून भार निचरायचा तीच तुटलेली! एका फेजचं वाइंडिंग तुटलं तरी त्या टर्मिनलवरचा भार अडकून पडू शकतो. वर्षानुवर्षं जी सवय सुरक्षित वाटली ती नेमकी अशा दिवशी उपयोगाची नसते. हा झटका दर वेळी जीव घेईलच असं नाही, पण जॅकवेलच्या कडेला ओणवा झालेल्या माणसाला आत पाडायला तो पुरतो. रबरी चपलेचा भरवसाही इथं चालत नाही. चप्पल जमिनीकडं जाणारी वाट अडवते. कपॅसिटरचा प्रवाह एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर, हातातून हातात जातो, जमिनीचा त्यात संबंधच नाही.

टर्मिनलवर वीज येण्याची तिसरी वाट सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे: बंद मोटर स्वतः वीज तयार करू शकते. फूटव्हॉल्व्हमध्ये (पाण्यातल्या पाइपाच्या तळच्या झडपेत) काडीकचरा अडकला आणि वर रिफ्लक्स व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसला, तर मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी उलटं खाली येतं आणि पंप टर्बाइनसारखा उलटा फिरतो. इंडक्शन मोटरीत, म्हणजे पंपाच्या या मोटरीत, कायमचं चुंबक नसतं, म्हणून नुसतं फिरवून ती वीज देणार नाही असं वाटतं. पण रोटरच्या (मोटरीच्या फिरणाऱ्या भागाच्या) लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतंच. त्यानं वाइंडिंगमध्ये दोन-चार व्होल्ट उमटतात. कपॅसिटर जोडलेला असेल तर त्या व्होल्टेजमुळं त्याच्यातून प्रवाह वाहतो, आणि हा प्रवाह व्होल्टेजच्या पाव चक्र पुढं असल्यानं वाइंडिंगमध्ये तो मूळ चुंबकत्वाला जोर देणाराच ठरतो. चुंबकत्व वाढलं की व्होल्टेज वाढतं, व्होल्टेज वाढलं की प्रवाह वाढतो. चक्रवाढ व्याजासारखं ते चढत जातं आणि लोखंड चुंबकत्वानं संपृक्त झालं की थांबतं. तोवर टर्मिनलवर शेकडो व्होल्ट आलेले असतात, तेही महावितरणची एकही तार न जोडता. वेग जितका जास्त तितका त्याला लहान कपॅसिटर पुरतो, वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, आणि उलटा फिरणारा पंप मोटरीच्या नेहमीच्या वेगाच्याही पुढं जाऊ शकतो. म्हणूनच मोटरीवर थेट बसवायच्या कपॅसिटरचा प्रवाह तिच्या चुंबकन प्रवाहाच्या (लोखंडात चुंबकत्व आणायला लागणाऱ्या प्रवाहाच्या) ९० टक्क्यांवर जाऊ देऊ नये असा नियम आहे. अंदाजे मोठा कंडेन्सर ठोकला की तो नियम मोडतो. नेपाळच्या डोंगरांत याच गुणावर छोटे जलविद्युत संच चालतात, तिथं तो वरदान आहे.

म्हणून शाफ्ट फिरत असेल तर टर्मिनल बॉक्सला हात लावायचा नाही. डिलिव्हरीचा (पाणी वर नेणाऱ्या पाइपाचा) व्हॉल्व्ह बंद करायचा, शाफ्ट पूर्ण थांबू द्यायचा, मग पाच मिनिटं जाऊ द्यायची. त्यानंतर तपासणी, आणि ती पेन टेस्टरनं नको. टेस्टरच्या दिव्याला तुमच्या शरीरातून जमिनीकडं जाणारा अगदी सूक्ष्म प्रवाह लागतो, उन्हात तो दिसत नाही, आणि कपॅसिटरच्या दोन टोकांमधला भार त्याला कळत नाही. २३० व्होल्टचे दोन बल्ब एकापुढं एक जोडून केलेला टेस्ट लॅम्प घ्या. तो आधी मेन स्विचपर्यंत येणाऱ्या जिवंत फेजवर लावून पेटतो का पाहायचं, मग मोटरीच्या टर्मिनलवर दोन-दोन करून तिन्ही जोड्या, मग पुन्हा जिवंत फेजवर. शेवटची पायरी लोक गाळतात; पण मधेच बल्ब गेला असेल तर ते तिथंच कळतं. हाच लॅम्प कपॅसिटरच्या टोकांना लावला की उरलेला भारही निचरतो.

वायरी सोडण्याआधी प्रत्येकीला खूण करा. मोटर दोन टप्प्यांत सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सहा वायरी येतात, त्यांना टर्मिनलवरचीच अक्षरं लिहून चिकटवा. अर्थिंगची वायर सगळ्यांत शेवटी सोडायची. वायरी लोखंडी पाइपातून आणल्या असतील तर तो पाइपच कित्येक ठिकाणी अर्थिंगचं काम करत असतो. तो मधेच उघडला की त्यापुढचं सगळं लोखंड अर्थिंगविना राहतं आणि कुठं गळती असेल तर त्याच्यावर व्होल्टेज येतं. म्हणून आधी वायरी, मग पाइप. सुटलेली टोकं एकत्र पिळून ठेवू नका. प्रत्येकीला वेगळी टेप लावून टोकं पुराच्या रेषेच्या वर बांधा, आणि पाइपाचं तोंड खाली वळवा, नाहीतर पावसाळाभर त्यात पाणी साचतं.

पूर ओसरल्यावर मोटर परत चढवताना पहिली जोडायची ती अर्थिंगची वायर. फेजच्या खुणा पुसल्या गेल्या असतील तर क्षणभर मोटर सुरू करून फिरण्याची दिशा पाहा. उलटी फिरत असेल तर मेन स्विच पाडून, ग्रिप काढून, वरची सगळी तपासणी पुन्हा करून तीनपैकी कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या. स्टार-डेल्टाला ही अदलाबदल स्टार्टरकडं येणाऱ्या वायरींत करायची, मोटरीच्या सहा वायरींत नाही.