सिकलसेलग्रस्त मुलांमधील इन्फ्लुएंझा

सिकलसेल आजार असलेल्या बालकांना आणि किशोरांना होणारा फ्लूचा संसर्ग. विषाणू वेगळा नसतो. वर्गातल्या शेजारच्या मुलाला शिंका आणणारा तोच हा. चार दिवसांत बरा व्हायचा आजार इथे दवाखान्यापर्यंत नेतो, तो रक्तामुळे. ही नोंद एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेल्या ग्रस्त मुलांविषयी आहे. एएस अर्थात एकाच पालकाकडून ते आलेल्या वाहक मुलांना फ्लू इतरांसारखाच होतो. घरोघरी या दोहोंची गल्लत होते म्हणून आधीच सांगितलेले बरे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या, म्हणजे तांबड्या पेशीतील ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलामुळे ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत संपते. फ्लूमध्ये ताप चढतो, मूल पाणी पीत नाही, फुप्फुसाला सूज येऊन ऑक्सिजन घटतो. पेशी वाकायला जे जे लागते ते सगळे फ्लू एकदमच आणून देतो. त्यातून हातपाय, पाठ, छाती दुखू लागते. यालाच पालकही आता ‘क्रायसिस’ म्हणतात.

खरी भीती असते छातीची. ताप किंवा खोकला, धाप, छातीत दुखणे आणि एक्स-रेमध्ये नव्याने दिसलेला पांढरा डाग, या अवस्थेला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. वरून ती न्यूमोनियासारखी दिसते. पण आत फुप्फुसाच्या बारीक वाहिन्या वाकलेल्या पेशींनी तुंबलेल्या असू शकतात, आणि केवळ प्रतिजैविकांवर भागत नाही. ऑक्सिजन, कधी रक्त चढवणे, तर कधी रक्त बदलणेही लागते. यात एक दुष्टचक्र आहे. बरगड्या दुखतात म्हणून मूल उथळ श्वास घेते, मग फुप्फुसाचा तळ मिटतो आणि ऑक्सिजन आणखी उतरतो. वॉर्डात त्यावर दिसते ते आत तीन छोटे चेंडू असलेले प्लास्टिकचे यंत्र. त्यात फुंकायचे नसते, हवा आत ओढायची असते. लहान मुले पहिल्यांदा हमखास फुंकतात. अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा असा खोल श्वास घ्यायला लावले, तेव्हा 19 पैकी एकाच वेळी फुप्फुसाचा त्रास झाला. यंत्राविना 19 पैकी 8 वेळा. औषधांच्या मानाने फुकटच म्हणावा असा हा उपाय.

धोक्याचा आकडाही अमेरिकेतूनच आला. तेथील चार राज्यांतील 2003-04 व 2004-05 या दोन हंगामांच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की सिकलसेलग्रस्त मुले फ्लूसाठी इतर मुलांच्या 56 पट प्रमाणात रुग्णालयात दाखल झाली होती. मात्र दाखल झाल्यावरचा त्यांचा मुक्काम इतरांपेक्षा लांबला नव्हता. तापलेल्या सिकलसेल मुलाला डॉक्टर घरी पाठवायला धजत नाहीत, हेही त्या 56 मध्ये धरायला हवे. पुढे 2009 च्या एच1एन1 साथीत, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्वाइन फ्लू’त, बाल्टिमोर येथील रुग्णांमध्ये चेस्ट सिंड्रोमचे प्रमाण आधीच्या हंगामी फ्लूपेक्षा बरेच जास्त आढळले. त्या साथीतला भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. तो विषाणू गेला नाही. आता तो हंगामी फ्लूमध्येच मिसळला आहे.

महाराष्ट्रात सिकलसेल मुख्यतः विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळतो. भारतीय रुग्णांत पेशी वाकू न देणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकते म्हणून त्यांचा आजार सौम्य, असे सरसकट लिहिले जाते. नागपूरच्या बालरोग वॉर्डांनी ते पुरेसे खोटे ठरवले आहे. फ्लू इथे पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोके वर काढतो. दरवेळी चाचणी होतेच असे नाही; ‘व्हायरल आहे’ एवढ्यावर भागवले जाते.

ताप 38.5 अंश सेल्सियस, म्हणजे 101.3 फॅरनहाइटला पोचला, तर घरी थांबायचे नाही. या मुलांची प्लीहा, म्हणजे रक्तातले जिवाणू गाळणारी पानथरी, निकामी होत गेलेली असते. त्यामुळे ताप फ्लूचा की न्यूमोकोकस जिवाणूचा हे दारात उभे राहून कळत नाही. म्हणून रक्त तपासणीला घेऊन प्रतिजैविक लगेच सुरू करतात. फ्लूचा संशय असल्यास ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध अहवालाची वाट न पाहता देतात. पहिल्या 48 तासांत त्याचा गुण सर्वाधिक. अ‍ॅस्पिरिन मात्र टाळतात, कारण फ्लूमध्ये ती दिल्यास मुलांना यकृत व मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

लस सहा महिन्यांपासून पुढे, दरवर्षी. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा. लस टोचायचीच हवी: नाकात फवारायच्या लशीत जिवंत, दुर्बळ केलेला विषाणू असतो आणि प्लीहा निकामी असलेल्यांना ती देत नाहीत. 2010 साली पुण्यातच बनलेली ‘नॅसोव्हॅक’ अशीच नाकातली लस होती. घरातल्या भावंडांनाही लस द्यावी, कारण फ्लू बहुधा त्यांच्याच दप्तराबरोबर घरी येतो.