गाठ काढायला येण्याआधी गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठवा

जठरातली लहान गाठ दुर्बिणीने काढायचं ठरलं की फोनवर दोन प्रश्न हमखास येतात. टाके पडतील का? आणि पहिल्याच तपासणीत का नाही काढून टाकली?

टाके पडत नाहीत, कारण पोटावर छेदच नसतो. भूल देऊन दुर्बीण तोंडातून आत जाते. गाठीच्या खाली, अस्तर आणि स्नायू यांच्या मधल्या थरात, आम्ही सुईने निळसर द्रव भरतो. अस्तर फुगून स्नायूपासून वर उचललं जातं आणि कापायला सुरक्षित जागा मिळते. छोटी गाठ तारेच्या फासात धरून निघते. पसरट असेल तर बारीक विद्युत सुरीने खालून सोडवत ती एकाच तुकड्यात काढावी लागते. ही पद्धत जपानमध्ये १९९०च्या दशकात पुढे आली. तिला वेळ जास्त लागतो, पण तुकडा अखंड मिळाला तरच रोग कडेपर्यंत पोचला होता का, किती खोल गेला होता, हे प्रयोगशाळेत नीट सांगता येतं. खोल गेलेला निघाला, तर पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की नुसतं पाहून गाठीची जात दरवेळी कळत नाही. काही लहान पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या गाठी, निरुपद्रवी असतात, त्यांना हातही लावावा लागत नाही. भिंतीच्या आतल्या थरातून उगवलेली गाठ वेगळीच. ती दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पुष्कळदा नुसती लक्षात ठेवून ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. गाठीची जात सांगणारा रिपोर्ट येण्याआधी कापाकापी करणं आम्हाला पटत नाही, त्यासाठी तुमची एक फेरी वाढली तरी.

मात्र एक फेरी अशी आहे जी वाचवता येते, आणि ती तुमच्याच हातात आहे. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" असं विचारलं की बहुतेक जण "नाही" म्हणतात. खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच माहीत नसतं. घरात त्या गोळीला 'कोलेस्टेरॉलची गोळी' किंवा 'रात्रीची छोटी गोळी' म्हणतात. इकोस्प्रिन एव्ही ही कोलेस्टेरॉलची गोळी समजून घेतली जाते, तिच्यात रक्त पातळ करणारं अ‍ॅस्पिरिनही असतं. नावात 'गोल्ड' असलेल्या काही कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं दुसरं औषधही असतं. मग सकाळी भूलतज्ज्ञ पाकीट उलटून पाहतात आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबतं. क्लोपिडोग्रेल थांबवायचं तर साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं. गावाहून गाडी करून आलेलं कुटुंब उपाशीपोटी परत जातं, याचं आम्हालाही वाईट वाटतं.

याच्या उलट चूक जास्त धोक्याची. कुणीतरी सांगितलं म्हणून गोळ्या स्वतःच बंद करून येऊ नका. स्टेंट बसवून फार दिवस झाले नसतील तर अशाने स्टेंट बंद पडून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन तर काही रुग्णांत चालूच ठेवतात. हा निर्णय तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि आम्ही मिळून घेतो. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आठ-दहा दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मागची बाजूही. आम्ही पाहून कळवतो, त्याचे पैसे घेत नाही. गाठ दुसरीकडे काढणार असाल तरी पाठवा.

उपाशी राहण्याबद्दल एवढंच, की दुधाचा चहा हे आमच्या हिशेबी जेवणच आहे.

गाठ काढल्यावर त्या जागी जखम राहते. ती भरायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून आम्ल कमी करणारी गोळी तेवढे दिवस चुकवू नका. रक्तस्राव काही दिवसांनीही होऊ शकतो, म्हणूनच आम्ही त्याच संध्याकाळी घरी सोडत नाही. बंद केलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख तुमच्या कार्डावर लिहिलेली असते. शौचाला डांबरासारखं काळं झालं, चक्कर आली किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. कार्डावरचा नंबर रात्रीही उचलला जातो.