गुलाबी की निळं? बुलेट क्लस्टरच्या फोटोत डार्क मॅटर नेमकं कुठलं

काल भाचा मोबाईल नाचवत आला, "मामा, ह्यां बघ, डार्क मॅटरचो फोटो!" बुलेट क्लस्टरचा (म्हणजे एकमेकांवर आदळलेले गॅलेक्सींचे दोन घोळके, अशा घोळक्याला क्लस्टर म्हणतात) तो फेमस फोटो, मधे गुलाबी, दोन्ही कडांना निळं. म्हटलं अरे डार्क मॅटर म्हणजे उजेड न देणारं, न दिसणारं वस्तुमान, फोटोत आलं तर ते डार्क कसलं! पण चूक त्याची नाही, डोळ्यांना ना गुलाबी दिसतं ना निळं, दोन्ही रंग नंतर भरलेले, मग दोन्ही एकाच माळेचे मणी वाटणारच.

गुलाबी म्हणजे साधा गॅस. बराचसा हायड्रोजन, १० कोटी अंशांच्या वर तापलेला, म्हणून क्ष-किरण सोडतो. आपली हवा ते खाली येऊच देत नाही, त्यामुळे दुर्बीण वर न्यावी लागते, आणि ते काम केलं नासाच्या 'चंद्रा' दुर्बिणीने (आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांच्या नावाची, १९९९ पासून वर आहे). म्हणजे इथे खरोखर उजेड पकडलाय.

निळ्याला उजेडच नाही. मालवणात किल्ल्याकडे होडी नेणाऱ्याला विचारा, पाण्याखालचं खडप त्याला दिसत नाही, वरचं पाणी कुठे वळतंय, कुठे फुटतंय त्यावरून तो होडी वळवतो. इथेही तसंच, क्लस्टरच्या खूप मागे असलेल्या गॅलेक्सींचा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानामुळे वाकतो, त्यांचे आकार किंचित ताणलेले दिसतात, आणि हबल आणि जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी असे ढीगभर आकार मोजून वस्तुमान कुठे आहे त्याचा नकाशा काढला. निळं म्हणजे तो नकाशा. फोटो नव्हे, हिशोब.

आता खरी गंमत. क्लस्टरमधे सगळ्या ताऱ्यांपेक्षा हा गॅसच जड असतो. डार्क मॅटर नसतंच तर नकाशा गुलाबीवर बसायला हवा होता ना? २००६ मधे खगोलशास्त्रज्ञ डग्लस क्लो आणि मंडळींनी दाखवलं की नाही बसत, तो गॅलेक्सींबरोबर बाजूला सरकलाय. दोन क्लस्टर आदळले तेव्हा गॅस गॅसला घासून मागे पडला, डार्क मॅटर मात्र आरपार निघून गेलं. शिमग्यात दोन पालख्या भेटतात तेव्हा माणसं खेटून जागच्या जागी अडकतात पण ढोलाचा आवाज गर्दीतून पलीकडे जातोच, साधारण तसं.

२०२५ मधे वेब दुर्बिणीच्या फोटोंवरून हेच निळं अजून बारकाईने आखलं गेलं. भाच्याला दाखवलं तर म्हणतो, "मामा, ह्यो नकाशो माका पाठव." नकाशो म्हणाला, फोटो नाही.