कप्तान निवडणारी मुलं आणि राष्ट्राध्यक्ष निवडणारे मतदार

स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास या संशोधकांनी 5 ते 13 वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला. ट्रॉयहून इथाकाला जहाजानं जायचंय. समोर दोन चेहरे आहेत, यातला कप्तान कोण हवा? मुलांना ठाऊक नव्हतं की ते चेहरे फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या खऱ्या उमेदवारांचे होते, एक जिंकलेला आणि एक हरलेला. मुलांनी निवडलेला कप्तान सुमारे 71 टक्के वेळा प्रत्यक्षात निवडणूक जिंकलेला निघाला. मोठ्या माणसांना तेच चेहरे दाखवून सक्षम कोण वाटतं असं विचारलं, तर त्यांचंही उत्तर जवळजवळ तितक्याच वेळा जुळलं. 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

त्याआधी 2005 मध्ये प्रिन्स्टनच्या अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे फोटो लोकांना जेमतेम सेकंदभर दाखवले होते. तिथेही ‘जास्त सक्षम दिसणारा’ उमेदवार साधारण 10 पैकी 7 लढतींत विजयी ठरलेला होता. यावरून चेहऱ्यामुळेच माणूस निवडून येतो असं सिद्ध होत नाही. पक्ष, पैसा, मतदारसंघ हे सगळं असतंच. पण सक्षम दिसणारा माणूस खुर्चीत बसल्यावर खरोखर सक्षम निघतो, असं या प्रयोगांत कुठेच दिसलेलं नाही. खरी अडचण तिथे आहे.

अमेरिकेत ती अडचण जास्त टोचते. निर्वाचक मंडळाची आडवळणं सोडली, तर तिथला मतदार एका व्यक्तीला चार वर्षांसाठी सैन्याचं सेनापतिपद आणि अण्वस्त्रांचा आदेश देण्याचा अधिकार देतो. आपल्याकडे राष्ट्रपतींना खासदार-आमदार निवडतात आणि पंतप्रधान लोकसभेतल्या बहुमतावर टिकतात. एका माणसावर थेट शिक्का मारायची सवय महाराष्ट्राला आहे ती नगराध्यक्ष आणि सरपंच यांच्यापुरती. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांसमोर मात्र हा प्रश्न दर चार वर्षांनी उभा राहतो.

चेहऱ्यावर भाळण्याचं अमेरिकेतलं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे वॉरन हार्डिंग. ओहायोतल्या मॅरियन गावात वर्तमानपत्र चालवणारे, पुढे सिनेटर झालेले. उंच, रुंद खांद्यांचे, रुपेरी केसांचे, भारदस्त आवाजाचे. 1920 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाचं कोणावरच एकमत होईना, तेव्हा दहाव्या फेरीत त्यांच्या गळ्यात उमेदवारीची माळ पडली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना 60 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. हार्डिंग स्वतः लाचखोर होते असा पुरावा नाही. त्यांचा दोष मित्र निवडण्यात होता. त्यांचे गृहमंत्री (तिकडे हे खातं सरकारी जमिनी आणि खनिजं सांभाळतं) अल्बर्ट फॉल यांनी नौदलासाठी राखून ठेवलेले वायोमिंगमधल्या टीपॉट डोमचे तेलसाठे निविदा न काढता खासगी कंपनीला दिले आणि पैसे खाल्ले. पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते अमेरिकेचे पहिले मंत्री.

योगायोग असा, की त्याच 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं एक शोधनिबंध लिहिला. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या बाबींसाठी गुण देत, पण सगळे आकडे संशयास्पद रीतीनं एकमेकांच्या मागे चालत. जो रुबाबदार, तोच हुशार आणि तोच विश्वासू. यालाच पुढे ‘हेलो इफेक्ट’ म्हणू लागले. हार्डिंग यांना मत देणाऱ्या माणसाला थॉर्नडाइक वाचून फरक पडला असता असं मला वाटत नाही. हा परिणाम ठाऊक असूनही टाळता येत नाही.

मग हे काम तज्ज्ञांवर सोपवावं का? 1964 मध्ये ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकानं तसा प्रयत्न केला. बॅरी गोल्डवॉटर हे उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का, असा प्रश्न 12,356 मानसोपचारतज्ज्ञांना पाठवला. 2,417 जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या 1,189 जणांनी ‘अयोग्य’ असा शेरा मारला, अनेकांनी रोगनिदानासकट. यातल्या कोणीही त्यांना तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर यांनी नियतकालिकावर बदनामीचा खटला भरून तो जिंकला आणि 1973 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेनं नियमच केला, की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. हा नियम मला रास्त वाटतो. मतदारानंही उमेदवाराला आजारांची नावं चिकटवण्याऐवजी त्याचं वागणं बघावं.

वागणं बघायचं म्हणजे काय? एमरी विद्यापीठातल्या स्कॉट लिलिएनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनपासून धाकट्या बुशपर्यंतच्या 42 राष्ट्राध्यक्षांच्या स्वभावाची मापं तपासली. ही मापं 121 चरित्रकार आणि अभ्यासकांनी दिली होती. त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करायच्या होत्या. एक, निर्भय दबदबा: संकटात न डगमगणं, लोकांवर छाप पाडणं, जोखीम घेणं. दोन, बेबंदपणा: आवेगानं वागणं, नियम आपल्यासाठी नाहीत असं मानणं, चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं. गंमत म्हणजे सायकोपथी (दुसऱ्याची पर्वा आणि अपराधभाव नसलेला स्वभाव) मोजताना हे दोन्ही घटक वापरले जातात. पहिला गुण जास्त असलेल्यांना इतिहासकारांनी चांगलं मानलं होतं, विशेषतः संकट हाताळण्यात. थिओडोर रूझवेल्ट त्यात सर्वांत वर होते. दुसऱ्या गुणाचा संबंध मात्र महाभियोगाचे ठराव आणि हाताखालच्यांचे गैरप्रकार खपवून घेणं अशा गोष्टींशी निघाला. प्रचारसभेत हे दोन्ही एकसारखेच दिसतात, हे इथे लक्षात ठेवण्याजोगं. टेबलावर मूठ आपटणारा माणूस पहिल्या जातीचा की दुसऱ्या, ते त्या मुठीवरून कळत नाही.

अशा अभ्यासांना मर्यादाही आहेत. इतिहासकारांना निकाल आधीच ठाऊक असतो, त्यामुळे यशस्वी माणसाचा हट्ट ‘निर्धार’ म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. मानसशास्त्रज्ञ डीन सायमन्टन यांनी दाखवलंय, की राष्ट्राध्यक्षाच्या थोरवीचं बरंचसं गणित त्याच्या कार्यकाळाची लांबी, युद्धाची वर्षं, हत्या झाली का, घोटाळा निघाला का, यावरच सुटतं. व्यक्तिगत गुणांपैकी टिकून राहतो तो मुख्यतः बौद्धिक आवाका. राजकीय अनुभव मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी उपयोगी पडतो. जेम्स ब्युकॅनन यांचा बायोडेटा पाहा: प्रतिनिधीगृह, सिनेट, रशिया आणि ब्रिटनमधला राजदूत, परराष्ट्रमंत्री. यादवी युद्धाकडे घसरत जाणाऱ्या देशाकडे ते हात बांधून पाहत राहिले आणि इतिहासकारांच्या बहुतेक याद्यांत तळाला बसले. त्यांच्यानंतर आलेल्या लिंकन यांच्या गाठीशी राष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधीगृहातली फक्त दोन वर्षं होती.

मला सर्वांत उपयोगी वाटणारं संशोधन पीटर स्यूडफेल्ड आणि फिलिप टेटलॉक यांचं आहे. नेता बोलताना एकाच मुद्द्याच्या किती बाजू पाहतो आणि त्यांची सांगड घालतो का, हे ते मोजत. 1914 च्या युरोपातल्या नेत्यांचे संदेश आणि 1962 च्या क्युबा पेचप्रसंगातले संदेश त्यांनी ताडून पाहिले. युद्धात संपलेल्या पेचप्रसंगांत विचारांची ही गुंतागुंत कमी होती, शांततेत सुटलेल्यांत जास्त. टेटलॉक यांनी पुढे असंही दाखवलं, की अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची भाषा प्रचारात एकपदरी असते आणि पदावर बसताच बहुपदरी होते. म्हणजे मतदाराला नेमकी त्या माणसाची सर्वांत सपाट बाजू दाखवली जाते.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्याबाबत हा फरक 18 महिन्यांच्या अंतरानं पाहता येतो. 17 एप्रिल 1961 ला सीआयएनं तयार केलेले सुमारे 1,400 क्युबन निर्वासित कॅस्ट्रो यांची सत्ता उलथवायला क्युबातल्या ‘बे ऑफ पिग्ज’च्या किनाऱ्यावर उतरले आणि तीन दिवसांत मोहीम कोसळली. बहुतेक जण पकडले गेले. योजनेतली भोकं खोलीतल्या काहींना दिसत होती. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (धाकटे) सल्लागार होते, त्यांना शंका होत्या, पण बैठकांत ते गप्प बसले. मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी पुढे ‘ग्रुपथिंक’ची (एकमत टिकवण्यासाठी गटानं शंका दाबून टाकण्याची) कल्पना मांडताना हीच बैठक समोर ठेवली. केनेडींनी मात्र जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली. गॅलपच्या जनमत चाचणीत त्यांची लोकप्रियता उलट 83 टक्क्यांवर गेली, हे आपल्याकडच्या प्रचार सल्लागारांनी टिपून ठेवावं.

16 ऑक्टोबर 1962 च्या सकाळी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे फोटो समोर आले, तेव्हा पहिल्या दिवशी केनेडींचाही कल हवाई हल्ल्याकडेच होता. पण या वेळी त्यांनी बैठकांची रीत बदलली. काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कोणी बोलायला नको. हवाई दलप्रमुख कर्टिस लमे हल्ल्यासाठी आग्रह धरत राहिले. केनेडींनी ऐकून घेतलं आणि नाविक नाकेबंदी निवडली. 28 तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं जाहीर केलं. बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं हलवायची, ही कबुली गुप्त ठेवली गेली. क्युबात तेव्हा छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रंही होती, हे अमेरिकेच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्र्याला कळलं 1992 मध्ये.

आणि याच केनेडींनी 1960 च्या प्रचारात आपल्याला अॅडिसनचा आजार (अधिवृक्क ग्रंथींचा गंभीर विकार) असल्याचं नाकारलं होतं. चारित्र्य म्हणजे आतून बाहेरून एकच धातू असतो, ही समजूत मानसशास्त्रानं कधीच मोडीत काढली आहे. 1920 च्या दशकात हार्टशोर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या परीक्षा घेतल्या. उत्तरं चोरणारं मूल पैसे चोरेलच असं निघालं नाही. म्हणून ‘तो प्रामाणिक आहे का’ यापेक्षा ‘कुठे प्रामाणिक आहे’ हा प्रश्न बरा. वाईट बातमी आणणाऱ्याचं तो काय करतो? विरोधकाला जवळ ठेवतो का? लिंकन यांनी उमेदवारीच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी सेवर्ड, चेस आणि बेट्स यांना मंत्रिमंडळात घेतलं. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर शत्रूचा पाठलाग न करणाऱ्या जनरल मीड यांना त्यांनी जुलै 1863 मध्ये एक संतप्त पत्र लिहिलं, पाकिटावर ‘पाठवलं नाही, सही केली नाही’ असं लिहून ते ठेवून दिलं.

बहुसंख्य मतदार पक्ष बघून मत देतात आणि मग गुण शोधतात, हेही खरं. आपल्या पक्षाचा तो ठाम, समोरचा तो हेकट. पण पक्षातली उमेदवारी ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांत ही पळवाट नसते, कारण तिथे सगळे आपलेच असतात. शिवाय मतदानापूर्वी उमेदवार एक निर्णय अगदी राष्ट्राध्यक्षासारखा घेतो: उपराष्ट्राध्यक्षपदाचा जोडीदार. 1944 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आणि पक्षाच्या पुढाऱ्यांनी तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांना वगळून मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन यांना घेतलं. 82 दिवस उपराष्ट्राध्यक्ष राहिल्यावर, 12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट वारले आणि ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले. अणुबॉम्बची सविस्तर माहिती त्यांना त्यानंतर दिली गेली. युद्धखर्चातली उधळपट्टी शोधणारी सिनेटची समिती त्यांनी 1941 पासून चालवली होती, तीही दोन्ही पक्षांच्या सदस्यांचं एकमत राखून. ते काम 1944 च्या मतदाराला वर्तमानपत्रात वाचायला मिळत होतं. रूझवेल्ट यांचं हृदय निकामी होत चालल्याचं निदान डॉक्टरांनी त्याच वर्षी मार्चमध्ये केलं होतं. ते मात्र मिळत नव्हतं.