बाजेवरचे बारा दिवस

गेल्या भाद्रपदात आमच्या आजीला ताप आला. तिच्या जन्माची नोंद कुठेही नाही, पण घरातल्या जुन्या हिशेबाने ती अठ्ठ्याहत्तरच्या आसपास असावी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती त्या वर्षीच्या आषाढापर्यंत निंदणाला जात होती आणि ताप येईपर्यंत हापशीवरून पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन येत होती. तापात ती बारा दिवस बाजेवर पडून राहिली आणि आम्ही सर्वांनी मायेपोटी तिला उठू दिले नाही. पाणी हातात, जेवण बाजेवर, अंगावर गोधडी. ताप उतरला, रक्ताचा अहवालही ठीक आला. तेराव्या दिवशी तिने पाय जमिनीवर टेकवले, दोन्ही हातांनी बाजेची पाटी धरली आणि उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांच्या वर मांड्या थरथरताना लुगड्यातूनही दिसत होत्या. अर्ध्यावर येऊन ती परत खाली बसली. "आता वय झालं," असे घरातला प्रत्येक जण म्हणाला, तपासायला आलेल्या डॉक्टरांनीही तेच सांगितले.

आमच्याकडे अशा माणसाबद्दल 'बाजेले लागला' असे म्हणतात आणि पुढचे सगळे जणू ठरलेलेच असल्यासारखे गृहीत धरतात. मला मात्र प्रश्न पडला की बारा दिवसांपूर्वी पाण्याचा गुंड उचलणारी बाई बारा दिवसांत एवढी म्हातारी कशी होईल? या प्रश्नाचे बरेच नेमके उत्तर आज विज्ञानाकडे आहे आणि ते गावागावांतल्या घरांत पोहोचले पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या, पूर्णपणे निरोगी अशा मोजक्या स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले गेले. त्यांना ताप नव्हता, जखम नव्हती, जेवण व्यवस्थित मिळत होते. तरी १० दिवसांत त्यांच्या दोन्ही पायांचे मिळून जवळजवळ १ किलो मांस झडले आणि स्नायूंमध्ये नवी प्रथिने घडवण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला. तरुण माणसे २८ दिवस झोपून राहिली तरी त्यांच्या पायांतून एवढे मांस जात नाही. म्हणजे म्हातारपणी स्नायू पडून राहण्याने फार लवकर झडतात आणि परत भरायला फार वेळ घेतात. त्यात ताप असला तर भर पडते, कारण तापात शरीर स्वतःच स्नायूंतली प्रथिने मोडून ती रोगाशी लढण्यासाठी वापरते. आजीची भूक त्या दिवसांत भाताच्या पेजेवर आली होती. पडून राहणे, ताप आणि उपासमार या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तिच्या मांड्यांवर चालून आल्या होत्या.

वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद कमी होत जाण्याच्या या अवस्थेला १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या 'मांस' आणि 'उणीव' या दोन शब्दांवरून ते बनले आहे. अमेरिकेतल्या रोगांच्या अधिकृत यादीत तिला स्वतंत्र क्रमांक मिळायला मात्र २०१६ साल उजाडले. पन्नाशीनंतर स्नायूंचे वजन दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटते, ताकद त्याहूनही वेगाने घटते. ताकद मांसापेक्षा जास्त का घटते, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक स्नायूतंतू पाठीच्या कण्यातून आलेल्या एखाद्या चेतापेशीच्या हुकमतीखाली असतो आणि वयाबरोबर यातल्या काही चेतापेशी मरतात. पोरके झालेले तंतू शेजारची चेतापेशी दत्तक घेते, पण सगळे घेता येत नाहीत, आणि जे उरतात ते वाळून जातात. यात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त नुकसान होते ते वेगवान तंतूंचे. पाय घसरला तर तोल सावरणे, बाजेवरून एका झटक्यात उठणे, पायरी चढणे ही कामे याच तंतूंची आहेत.

इथे गावातला माणूस हमखास एक शंका काढतो आणि ती रास्त आहे. ज्यांनी जन्मभर शेतात राबून हाडे झिजवली, त्यांना व्यायामाचे काय सांगता? याचे उत्तर वेगवान तंतूंच्या स्वभावात आहे. काम हलके असते तेव्हा शरीर फक्त संथ, न थकणारे तंतू कामाला लावते. ओझे जड झाले किंवा हालचाल झपाट्याने करावी लागली तरच वेगवान तंतूंना हाक जाते. दोन कोस चालणे, दिवसभर वाकून निंदणे किंवा कापूस वेचणे ही चिकाटीची कामे आहेत. त्यांनी हृदय चांगले राहते, दम टिकतो, पण मांडीच्या वेगवान तंतूंना त्यात फारसे काम पडत नाही. शिवाय कष्टकरी घरात जन्मलेल्या अनेकांची स्नायूंची पुंजी मुळातच थोडी असते. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात जन्मलेल्या लोकांच्या अभ्यासातून असे दिसले की तान्हेपणी ज्यांचे वजन कमी भरले होते, त्यांची हाताची पकड साठीनंतरही तुलनेने कमजोर होती. विदर्भातल्या ज्या पिढीने लहानपणी दुष्काळ आणि अर्धपोटी दिवस पाहिले, तिच्या बाबतीत या निष्कर्षाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

पकडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो, मुठीत दाबायच्या एका साध्या उपकरणाने मोजलेली ही ताकद शरीराच्या एकूण प्रकृतीबद्दल आश्चर्य वाटावे इतके सांगून जाते. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पकड ५ किलोंनी कमी असेल तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असे त्यात आढळले. पकड वाढवली म्हणजे आयुष्य वाढेल असा याचा अर्थ नाही. पकड हा आरसा आहे. आपल्याकडेही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची जी मोठी पाहणी केली, तिच्यात रक्तदाबासोबत ही पकडही मोजली गेली. उपकरण नसेल तर साधी खुर्ची पुरते. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचे आणि बसायचे; त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ सालच्या निकषांनुसार स्नायूंकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे. ही चाचणी घ्यायला उपकेंद्रातल्या ताईंना दोन मिनिटेसुद्धा लागणार नाहीत.

आयुष्य लांबवण्याच्या संशोधनाच्या बातम्या हल्ली मोबाइलवर रोज येतात, त्यांतली काही कामे खरोखर थक्क करणारी आहेत. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून भारतीय उपखंडात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेन सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅपामायसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. २००९ साली असे दिसले की ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीला आलेल्या उंदरांना ते खाऊ घातले तरी त्यांचे आयुष्य वाढते; माद्यांचे १४ टक्क्यांनी आणि नरांचे ९ टक्क्यांनी. २०११ साली अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांच्या शरीरातून 'जराग्रस्त पेशी', म्हणजे विभाजन थांबलेल्या पण न मरता भोवती दाह पसरवणाऱ्या पेशी, काढून टाकल्या गेल्या. तेव्हा त्यांच्या स्नायूंची झीज लांबली. त्याही आधी, २००५ साली, तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचा रक्तप्रवाह जोडल्यावर म्हाताऱ्याच्या स्नायूंतल्या निजलेल्या मूळ पेशी, म्हणजे नवे स्नायूतंतू घडवू शकणाऱ्या पेशी, जाग्या होऊन जखम भरू लागल्या. त्या मूळ पेशी म्हातारपणीही शिल्लक असतात, त्यांना फक्त हाक पोहोचत नाही, हे त्या प्रयोगाने दाखवले, आणि मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

पण या वाटेत एक गाठ आहे. रॅपामायसिन पेशीतली जी यंत्रणा दाबून आयुष्य वाढवते, तीच यंत्रणा स्नायूत नवे मांस घडवते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या जुन्या गोळीकडेही दीर्घायुष्याच्या आशेने पाहिले जाते. मात्र २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६५ वर्षांवरील निरोगी लोकांनी १४ आठवडे वजने उचलली, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा कमी भरले. यावरून कोणीही आपली मधुमेहाची गोळी बंद करू नये, कारण अनियंत्रित साखर स्नायूंचे कितीतरी जास्त नुकसान करते. निरोगी माणसाने आयुष्य वाढावे म्हणून असल्या गोळ्यांच्या मागे लागू नये, एवढाच त्याचा बोध.

गोळीविना काय साधते, ते बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात १९९० साली दिसले. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठवड्यातून तीनदा पायांनी वजन ढकलायला लावले. वजन नाममात्र नव्हते, ज्याच्या त्याच्या कमाल ताकदीच्या जवळपास ८० टक्क्यांपर्यंत ते चढवत नेले. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालताना काठी सोडली. नव्वदीतला स्नायूही काम दिले की भरतो, हे तेव्हापासून अनेक अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

काम दिले तरी माल हवाच. म्हातारा स्नायू जेवणातल्या प्रथिनांना मंद प्रतिसाद देतो, म्हणून वृद्धांना तरुणांपेक्षा जास्त प्रथिने लागतात. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम, असे तज्ज्ञांच्या गटाने २०१३ साली सुचवले. आमच्याकडे नेमके उलटे घडते. दात गेले की भाकर दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून दिली जाते आणि त्या वरणात डाळ किती असते हे वाढणाऱ्यालाच ठाऊक. ३० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीतून जेमतेम साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. एक अंडे ६ ग्रॅमच्या आसपास, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅमच्या आसपास. आणि ज्या सोयाबीनमध्ये ३६ टक्क्यांहून अधिक प्रथिने आहेत, ते आमच्या बांधापर्यंत पिकते, सोंगून मळले जाते आणि पोत्यांत भरून सगळेच्या सगळे बाजार समितीत जाते. ते भाजून ज्वारीच्या पिठात थोडे दळले तरी भाकरीची चव फारशी बदलत नाही. कच्चे खाऊ नये, आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आजीसाठी आम्ही बाजेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या, म्हणजे उठायला कमी जोर लागेल. पहिल्या दिवशी ती आधार धरून तीनदा उठली आणि "काहून छळता रे मले" म्हणून रागावली. दर सात-आठ दिवसांनी हात धरण्याचा आधार आम्ही थोडा कमी करत गेलो. तीन आठवड्यांनी एक-एक वीट काढली, दिवाळीनंतर उरलेल्याही काढल्या. सकाळी अंडे, दुपारी घट्ट वरण, रात्री शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी. कापसाची पहिली वेचणी घरी आली तेव्हा ती ओसरीच्या दगडी पायरीवरून खांबाला हात लावून स्वतः उतरली आणि ढिगाजवळ बसून सरकी चाचपून पाहू लागली. गुंड ती अजून उचलत नाही. मात्र खुर्चीवरून पाच वेळा उठायला तिला गेल्या आठवड्यात चौदा सेकंद लागले. आश्विनात ती एकदाही उठू शकत नव्हती.