नेव्हल ब्रिगेड रंगवताय? आधी बघा, हातात खलाशी आहे की मरिन

व्हिक्टोरियन काळातल्या लढायांचे मिनिएचर, म्हणजे छोटे सैनिक-पुतळे, रंगवणाऱ्यांमध्ये एक घोळ सतत दिसतो, नेव्हल ब्रिगेड म्हटलं की सगळ्यांना सरसकट एकच गडद निळा फासायचा. पण बोटीवरून जमिनीवर लढायला उतरवलेल्या या तुकड्यांमध्ये दोन अगदी वेगळी माणसं असायची. एक रॉयल नेव्हीचा, म्हणजे ब्रिटिश नौदलाचा, खलाशी, म्हणजे ब्लूजॅकेट, आणि दुसरा रॉयल मरिन, जो राहतो बोटीवर पण आहे पक्का सैनिक, त्याची कवायत आणि पट्टे सगळं पायदळाच्या वळणाचं.

यावर बरेच जण सोपा नियम सांगतात की लाल तो मरिन आणि निळा तो खलाशी. हा नियम डोक्यातून काढून टाका, कारण मरिनमध्येच दोन शाखा होत्या. रॉयल मरिन लाइट इन्फन्ट्रीचा ड्रेस ट्युनिक (समारंभाचा कोट) लाल आणि रॉयल मरिन आर्टिलरीचा निळा, लोक त्यांना रेड मरिन आणि ब्लू मरिनच म्हणायचे, 1923 ला दोन्ही एकत्र झाल्या. त्यातून लाइट इन्फन्ट्रीवाल्यांकडेही साध्या वापराचा निळा सर्जचा (जाड लोकरी कापडाचा) कोट असायचाच. म्हणजे निळ्या कपड्यातला मरिन ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि नुसत्या रंगावरून ओळखायला गेलात तर फसणारच.

मग बघायचं कुठे? सगळ्यात आधी गळा आणि छाती. खलाशाचा फ्रॉक, म्हणजे सैल सदरा, डोक्यावरून घालायचा, पुढे बटणांची रांग नाही, गळ्याशी व्ही आकार, त्यात काळा रेशमी रुमाल आणि पाठीवर तो चौकोनी कॉलर. मरिनला उभा ताठ कॉलर आणि पुढे वरपासून खालपर्यंत बटणं. हा फरक मूर्ती घडवतानाच येतो, रंगाने लपत नाही, त्यामुळे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारायच्या आधी फिगर हातात फिरवून एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं. खलाशाची पँट खाली सैल, गेटरमध्ये (घोट्यावरच्या आवरणात) कोंबलेली असली तर गुडघ्यापाशी फुगलेली दिसते. मरिनची पँट सरळ, बाहेरच्या शिवणीवर लाल रेघ, लाइट इन्फन्ट्रीची अगदी बारीक आणि आर्टिलरीची चांगली रुंद पट्टी.

दुसरी खूण पट्ट्यांची, आणि माझ्या मते टेबलावर दोन फुटांवरून सगळ्यात जास्त हीच कळते. खलाशाचे पट्टे आणि काडतुसांचे पाउच तपकिरी चामड्याचे, मरिनचे सैन्यासारखे पांढरे, पाइपक्ले (पांढरी माती) लावून घासलेले. इथे पांढरा रंग थेट बाटलीतून लावू नका, आधी फिकट राखाडी किंवा आयव्हरी, मग कडांना तेवढा शुद्ध पांढरा. तपकिरीला मात्र थोडी नारिंगी झाक देऊन कडा उजळल्या की गडद निळ्यावर ते चामडं मस्त उठून दिसतं. बंदूक झुलू युद्ध आणि सुदानसाठी दोघांकडेही मार्टिनी हेन्रीच धरा, पण खलाशाच्या बंदुकीला कटलास बेयोनेट, म्हणजे मुठीला कवच असलेली जवळजवळ तलवारच. फिगरवर ती असेल तर शंकाच नको.

तिसरी गोष्ट चेहरा, आणि हिच्याकडे कुणी लक्षच देत नाही याचं मला फार वाईट वाटतं. 1869 मध्ये अ‍ॅडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने, खलाशांना दाढी ठेवायची परवानगी दिली, पण अट अशी की दाढी मिशी दोन्ही पूर्ण वाढवा नाहीतर दोन्ही साफ करा, नुसती मिशी चालणार नाही. म्हणजे झुलू युद्धाचा किंवा सुदानचा खलाशी नुसत्या झुबकेदार मिशीत रंगवला तर तो चूकच. मरिनला मात्र पायदळासारखी नुसती मिशी शोभते.

कॉलरबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. खलाशांचा गणवेश पहिल्यांदा ठरला तो 1857 मध्ये, त्याआधी साध्या खलाशाला अधिकृत गणवेशच नव्हता, आणि कॉलरवरच्या पांढऱ्या फितीच्या तीन ओळी तेव्हाच पक्क्या झाल्या. त्या नेल्सनच्या तीन विजयांसाठी आहेत ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते पण तिला आधार नाही. कॉलर फ्रॉकच्या सर्जचा नसून निळ्या जीनचा (सुती कापडाचा), त्यामुळे फ्रॉकपेक्षा एक दोन छटा उजळ ठेवा. फ्रॉकला मी व्हॅलेहो कंपनीचा डार्क प्रशियन ब्लू थोडा काळा मिसळून घेतो आणि कॉलरला तोच रंग काळ्याशिवाय, वर किंचित राखाडी. 28 मिमी उंचीच्या फिगरवर तीन पांढऱ्या रेघा ओढायला जाऊ नका, उलटं करा, कडेला एक जाडसर पांढरा पट्टा द्या आणि त्याच्यावर दोन बारीक निळ्या रेघा ओढा, आपोआप तीन पांढऱ्या उरतात. त्याहून लहान 1/72 मापाच्या फिगरला दोनच रेघा बसतात, तेवढ्या पुरे. दंडावरचे बॅज निळ्या फ्रॉकवर लाल आणि पांढऱ्या फ्रॉकवर निळे.

आता मोहिमेप्रमाणे थोडं बदलतं. 1857 ला कॅप्टन विल्यम पीलने एचएमएस शॅननचे खलाशी आणि जड तोफा लखनौपर्यंत नेल्या. ते रंगवताना लक्षात घ्या की गणवेशाचा नियम त्याच वर्षीचा, सगळे एकसारखे दिसायची काहीच गरज नाही. 1868 ची अ‍ॅबिसिनियाची (आजच्या इथिओपियाची) मोहीम तर आपल्या मुंबईहूनच निघाली, बॉम्बे आर्मी घेऊन, आणि 10 एप्रिलला अरोगीला खलाशांच्या रॉकेट ब्रिगेडने मारा केला. मुंबईच्या पलटणींबरोबर खलाशी मांडायचे असतील तर याच्यापेक्षा चांगला विषय नाही. झुलू युद्धात 22 जानेवारी 1879 ला न्येझानेला एचएमएस अ‍ॅक्टिव्हची गॅटलिंग (हाताने फिरवायची अनेक नळ्यांची गन) मिडशिपमन (शिकाऊ नौदल अधिकारी) कोकरच्या हाताखाली चालली, आणि अ‍ॅक्टिव्हच्या त्या तुकडीत मरिनही होते, तेव्हा एकाच बेसवर दोघं मांडता येतात.

सुदानमधलं अबू क्लीया मात्र सगळ्यांची परीक्षा बघतं. 17 जानेवारी 1885 ला लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्डचे खलाशी गार्डनर गन (हाताने फिरवायची मशीनगन) घेऊन चौकोनाबाहेर, म्हणजे चारही बाजूंना तोंड करून उभ्या सैन्याच्या रचनेबाहेर, आले, गन ऐन वेळी अडकली आणि तिच्याभोवतीच कापाकापी झाली, पिगट आणि डी लाइल हे दोन नौदल अधिकारी तिथेच पडले. त्याच चौकोनात मरिन लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी होती, पण ती गार्ड्स कॅमल रेजिमेंट या उंटस्वार तुकडीत, अंगावर बाकी उंटस्वारांसारखीच ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची पँट), पटीज (पिंढरीला गुंडाळायच्या पट्ट्या) आणि डाग देऊन मळकट केलेलं हेल्मेट. तिथे लाल किंवा निळा मरिन ठेवला तर दृश्यच चुकलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापर्यंत तर दोघंही खाकीत आले. 25 नोव्हेंबर 1899 ला ग्रास्पानला मरिनचं फार नुकसान झालं. या युद्धाचे फोटो बघितले तर खलाशी बहुतेक वेळा गवती सेनिट हॅटवरून ओळखू येतो, कधी तिच्यावर खाकी कव्हर चढवलेलं असतं, आणि मरिन हेल्मेटवरून. पण कापडाचा रंग एकच असल्यामुळे इथे सुटी डोकी असलेला सेट घ्या आणि डोकं चिकटवायच्या आधीच कोण कोण ते ठरवून टाका.